एकाच बाजूनं

कोटेशन आलं तेव्हा केळुसकर मॅडम हसल्या.
चार लाख ऐंशी हजार, वर कर, वर जहाजाचं भाडं,
एका डब्याला सरळ रेषेत पुढे-मागे नेण्यासाठी.
डब्यात एक डोळा, नखाएवढा,
उजेड पडला की किती ते सांगणारा.
तो खरं सांगतो का, हे विचारायचं
तर त्याला दिव्यापासून मोजूनमापून दूर न्यावं लागतं.
एवढंच काम.
"आपण करू," माझ्या तोंडून गेलं.

मग लॅमिंग्टन रोड. जुन्या स्कॅनरच्या पोटातले
दोन पोलादी दांडे, जोडी नऊशेला.
मोटर साडेचारशेला, तीही घासाघीस करून.
बेअरिंग नागदेवीच्या गल्लीतून.
कुर्ल्याच्या एका इमारतीखाली
ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पा पडून होता,
वॉचमनला चहा पाजला, मिळाला.
त्याखाली सायकलची ट्यूब, कापून,
कारण कालिन्यावरून विमान उतरतं
तेव्हा आमचे आकडे थरथरतात.
आणि मंगलदास मार्केटातून काळं मखमल, दोन मीटर.
अकाउंट्सच्या सावेबाईंनी बिल उलटंपालटं केलं.
"मखमल कशाला गं? कुणाचं लग्न?"
"अंधाराचं," मी म्हणाले.
दोन दिवस त्यांनी सही केली नाही.

कागदावर सोपं होतं:
दोनशे पावलांत एक फेरा,
एका फेऱ्यात दोन मिलिमीटर,
म्हणजे एक पाऊल दहा मायक्रॉन,
केसाचा सातवा हिस्सा.
प्रत्यक्षात डबा पुढे गेला तो बरोबर,
मागे आला तो खोटं बोलत.
निघाले तिथंच परतले, मोटर म्हणायची.
पट्टी म्हणायची, नाही.

वर्कशॉपमधून तुस्कानो आले, वसईचे,
लेथवर पस्तीस वर्षं, निवृत्तीला सात महिने.
नट धरून हलवला. कान लावला.
"प्ले आहे. असणारच.
नट नि स्क्रू घट्ट मिठी मारून बसले तर फिरणार कोण?"
चांगला नट बाहेरून येतो, मी म्हटलं, बावीस हजार.
"पैसे ठेव.
मागे यायचं तर जरा जास्त मागे जा,
मग पुढे ये.
दर वेळी जागेवर एकाच बाजूनं यायचं.
प्ले जात नाही गं,
पण एकीकडे पडून राहतो
जेवून झोपलेल्या सासऱ्यासारखा."

प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या.
डबा ताळ्यावर आला.

रात्री दोन ते चार. विमानं विरळ.
वीस सेंटिमीटरवर आठशे.
अंतर दुप्पट, उजेड पाव,
दोनशे यायला हवेत. आले दोनशे सोळा.
सोळा कुणाचे?
दाराखालची फट आधीच बुजवलेली.
खूप वेळानं दिसला: मोटरच्या पाटीवर
हिरवा दिवा, तिळाएवढा,
आमचाच.
काळी टेप. दोनशे सात.
मग तुस्कानो म्हणाले, "तुझा कुर्ता."
पांढरा होता.
उरलेलं मखमल अंगाभोवती घेतलं, खिडकीपाशी सरकले.
दोनशे एक.

त्या अंधारात ते सांगत होते,
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला
तेव्हापासून त्याला निळं फार निळं दिसतं.
उजव्याला तेच निळं चहात बुडवलेलं.
"चर्चच्या दाराला रंग मीच लावला होता.
डबाही मीच आणला होता.
आता कुठल्या डोळ्याचं ऐकू?"

आमच्या डोळ्याला ताडून बघायला
दाखला मिळालेला दुसरा डोळा आहे,
कपाटात, कुलपात.
हे मी बोलले नाही.
ते उजवा मिटून दिव्याकडे बघत होते,
मग डावा मिटून,
पुन्हा उजवा.

एकूण खर्च अकरा हजार तीनशे चाळीस, मखमल धरून.
तो वरचा एक कुठून येतो, अजून कळलेलं नाही.
वहीत त्याच्यापुढे जागा कोरी ठेवली.
तुस्कानोंनी चष्मा पुसला,
"पुन्हा घे," म्हणाले,
आणि डबा
हवा त्याहून थोडा जास्त मागे गेला.